आडव्या विहिरी आणि घट्ट खडकातलं तेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीची बरीच वर्षं मी चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी अशी काढली. उरलेली मुंबईच्या ऑफिसात, विहिरींचे आलेख बघण्यात गेली. आता कॉलेजांत या विषयावर बोलायला जातो, आणि मुलं, त्यांचे पालक, कधी समुद्रात कामाला असलेल्यांच्या घरचे लोक फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "घट्ट साठा" म्हणजे त्यातलं तेल घट्ट असतं का?

नाही. घट्ट असतो तो खडक. आतलं तेल बहुतेक वेळा हलकं आणि पातळ असतं. दाट तेलाचं दुखणं निराळं. गुजरातेत मेहसाण्याजवळ बालोल आणि सांथाल इथलं तेल इतकं दाट, की साठ्यातलंच थोडं तेल जमिनीखाली पेटवून त्या उष्णतेने बाकीचं पातळ करण्याची पद्धत तिथे वापरली गेली. घट्ट खडकातल्या तेलाला उष्णता देऊन काही साधत नाही. ते वाहायला तयार असतं, त्याला वाट नसते.

खडकात किती जागा पोकळ आहे, ती त्याची सच्छिद्रता. त्या पोकळ्या एकमेकींना किती मोकळेपणाने जोडलेल्या आहेत, ती पार्यता. पार्यता डार्सी या एककात मोजतात. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम पाहणारे अभियंता आन्री दार्सी यांनी वाळूतून पाणी कसं झिरपतं यावर प्रयोग केले आणि १८५६ साली ते प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव. चांगल्या वाळूच्या साठ्यात पार्यता शेकडो मिलिडार्सी असते. ती ०.१ मिलिडार्सीच्या खाली गेली की साठा घट्ट म्हणायचा, आणि काही शेलमध्ये, म्हणजे बारीक चिखलाच्या कणांपासून बनलेल्या खडकात, ती याच्याही हजाराव्या भागापर्यंत उतरते.

२. मुंबईच्या खाली तेल आहे का? बॉम्बे हाय हा घट्ट साठा आहे का?

शहर उभं आहे ते दख्खनच्या लाव्हाच्या काळ्या पाषाणावर. आपण ज्याला अजून सवयीने बॉम्बे हाय म्हणतो ते मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात आहे. १९७४ साली "सागर सम्राट" या रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६ साली उत्पादन सुरू झालं. मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडकाचा आहे. तो सगळा घट्ट नाही. पण चुनखडक थराथरांचा असतो आणि थरागणिक पार्यता बदलते, त्यामुळे मोकळे थर आधी रिकामे होतात आणि घट्ट थरांतलं तेल मागे राहतं. जुन्या विहिरींच्या पोटातून आडव्या शाखा काढून असं मागे राहिलेलं तेल गाठण्याचं काम तिथेही झालेलं आहे.

खऱ्या अर्थाने घट्ट साठ्याचं भारतातलं उदाहरण हवं असेल तर राजस्थानातल्या बाडमेरकडे बघा. तिथे "बाडमेर हिल" हा घट्ट थर आहे आणि ऐश्वर्या क्षेत्रात त्यातून आडव्या विहिरी आणि टप्प्याटप्प्याचं फ्रॅकिंग (दाबाने पाणी सोडून खडकात भेगा पाडणं आणि त्या मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरणं) वापरून तेल काढायचं काम झालं.

३. विहीर आडवी केल्याने नेमकं काय वाढतं?

खडकाशी येणारा संपर्क वाढतो. विहीर आधी सरळ खाली जाते, मग हळूहळू वळवून तेलाच्या थरातच आडवी नेतात. हिशेब करून बघू. थर २० मीटर जाड आणि विहिरीचा व्यास २० सेंटीमीटर धरला, तर उभ्या विहिरीची भिंत तेलाच्या थराला साधारण १२-१३ चौरस मीटर भिडते. तीच विहीर थरातून १,५०० मीटर आडवी नेली तर सुमारे ९४० चौरस मीटर. आता तिच्यावर ५० ठिकाणी फ्रॅक केलं, आणि प्रत्येक भेग १६० मीटर लांब, २० मीटर उंच झाली असं समजा. भेगेला दोन बाजू असतात, म्हणजे एकूण ३,२०,००० चौरस मीटर. दादरचं शिवाजी पार्क मैदान साधारण २८ एकरांचं आहे. म्हणजे अशी जवळजवळ तीन मैदानं एका विहिरीच्या भोवती, जमिनीखाली.

हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात सगळ्या भेगा सारख्या उघडत नाहीत, आणि काहींत वाळू शिरतच नाही. पण घट्ट खडकात उभी विहीर का परवडत नाही ते एवढ्यावरून कळावं.

४. फ्रॅकिंग केलं म्हणजेच वाढीव तेलप्राप्ती झाली ना?

हा गैरसमज विद्यार्थ्यांइतकाच बातम्यांतही दिसतो, म्हणून सविस्तर सांगतो.

घरी नारळाचं दूध काढताना काय करतो? खोबऱ्याची वाटी तशीच पिळून थेंबही निघत नाही. आधी खवायची, मग पिळायची. ते पहिलं दूध. मग त्याच चोथ्यात कोमट पाणी घालून, थोडा वेळ ठेवून पुन्हा पिळायचं, ते दुसरं दूध. आडवी विहीर आणि फ्रॅकिंग म्हणजे खवणं. त्यानंतर विहिरीतून आपोआप येतं ते पहिलं दूध, म्हणजे प्राथमिक उत्पादन. खडकात आधीपासून असलेल्या दाबाच्या जोरावर ते येतं, त्याला ढकलायला आपण बाहेरून काहीच आत घातलेलं नसतं. वाढीव तेलप्राप्ती, म्हणजे ऑफिसच्या भाषेत ईओआर, सुरू होते ती दुसऱ्या दुधापाशी: गॅस किंवा रसायन मिसळलेलं पाणी आत सोडून, जे एरवी आलंच नसतं ते तेल बाहेर आणणं.

म्हणून कोणत्याही उपायाबद्दल मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: तेल वाढलं, की लवकर आलं? लवकर येण्यालाही किंमत आहे, पैशाच्या हिशेबात तर मोठीच. पण त्याला वाढ म्हणू नये. हे तपासायचं कसं, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

५. एवढा खर्च करूनही नव्वद टक्के तेल खालीच राहतं, हे खरं का?

खरं आहे. घट्ट तेलसाठ्यात प्राथमिक उत्पादनातून मूळ साठ्याच्या साधारण ५ ते १० टक्केच तेल हाती लागतं. कारणं दोन.

पहिलं कारण वेळेचं. भेगेपाशी दाब कमी झाला की ती बातमी खडकात आत पोचायला वेळ लागतो, आणि अंतर दहापट झालं की तो वेळ शंभरपट होतो. पार्यता ०.००१ मिलिडार्सी आणि तेल हलकं धरून ढोबळ गणित केलं, तर भेगेपासून १० मीटरवर परिणाम पोचायला तीनेक आठवडे लागतात. १०० मीटरवर पोचायला सहा वर्षं! १०० मिलिडार्सीच्या चांगल्या वाळूत तेच १०० मीटर अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. भेगा इतक्या जवळजवळ का पाडतात, आणि पहिल्याच वर्षात उत्पादन निम्म्याहून खाली का येतं, या दोन्हींचं उत्तर यात आहे. भेगेलगतचं तेल चटकन येतं आणि मागचं चालत असतं.

दुसरं कारण दाबाचं. तेलात गॅस विरघळलेला असतो. दाब एका मर्यादेखाली गेला की सोड्याच्या बाटलीसारखा तो बुडबुडे होऊन सुटतो. सुरुवातीला हे बुडबुडे तेलाला ढकलतात, पण एकमेकांना जोडले गेले की गॅसच पुढे पळतो आणि तेल जागीच राहतं. साठ्याची सगळी ताकद त्या गॅसात होती. तो गेला की मागे उरलेल्या तेलाला ढकलायला कोणी नाही.

६. मग सुरुवातीला विहीर पूर्ण उघडून जमेल तेवढं तेल काढून घ्यावं का?

मी असं होताना पाहिलं आहे आणि त्या निर्णयाच्या कागदावर माझीही सही होती. तिमाहीचा आकडा गाठायचा म्हणून एका नव्या विहिरीचा चोक, म्हणजे तोंडाशी प्रवाह कमी-जास्त करणारं अरुंद भोक, मोठा ठेवला. तीन महिने सगळे खूश होते. वर्षाच्या आत तीच विहीर मुख्यतः गॅस देऊ लागली. चोक लहान केला तरी गेलेलं परत येत नाही, हे मला त्या विहिरीने शिकवलं.

चोक अचानक मोठा केला की दोन नुकसानं होतात. विहिरीलगतचा दाब बुडबुड्यांच्या मर्यादेखाली लवकर जातो (प्रश्न ५), आणि भेगा उघड्या ठेवणारी वाळू चिरडते किंवा तेलाबरोबर वाहून येते. भेग मिटली की तिच्यापुरता सगळा खर्च वाया. चोक टप्प्याटप्प्याने वाढवणं हा घट्ट खडकातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याला यंत्र लागत नाही, धीर लागतो.

७. "हफ-अँड-पफ" म्हणजे काय? त्याचा एवढा गाजावाजा का?

एकाच विहिरीतून आधी गॅस आत दाबायचा, मग विहीर बंद ठेवायची, मग त्याच विहिरीतून तेल घ्यायचं. प्रश्न ४ मधलं दुसरं दूध ते हेच. गॅस आत दाबायला काही आठवडे ते एक-दोन महिने लागतात, मुरायला काही दिवस ते काही आठवडे देतात, आणि पुढचे काही महिने उत्पादन घेतात. मग पुन्हा पहिल्यापासून. अशी अनेक चक्रं होतात.

गाजावाजा होण्याचं कारण असं. नेहमीच्या साठ्यात एका विहिरीत गॅस सोडून तो तेलाला दुसऱ्या विहिरीकडे ढकलतो. घट्ट खडकात हे फसतं. दोन विहिरींमधला खडक इतका घट्ट, की त्यातून गॅस पलीकडे जायला वर्षानुवर्षं लागतील. आणि दोघींच्या भेगा जोडलेल्या असल्या तर गॅस भेगेतूनच थेट पलीकडे पोचतो, तेलाला हातही न लावता. हफ-अँड-पफमध्ये गॅसला लांब जायचंच नसतं. भेगेच्या भिंतीतून काही मीटर आत मुरला तरी पुरे. तिथे तो तेलात विरघळतो, तेल फुगतं, पातळ होतं, दाब परत येतो. तेलातले काही हलके घटक उलट गॅसमध्ये ओढले जातात आणि त्याच्याबरोबर बाहेर येतात. प्रश्न ३ मधली तीन मैदानं इथे दुसऱ्यांदा कामी येतात: ज्या पृष्ठभागावरून तेल आलं, त्याच पृष्ठभागावरून गॅस आत जातो.

टेक्सासमधल्या ईगल फोर्ड थरात ईओजी रिसोर्सेस या कंपनीने २०१० नंतरच्या दशकात हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. दुसरीकडे अमेरिकेतल्याच नॉर्थ डकोटाच्या बाकेन थरातल्या सुरुवातीच्या चाचण्यांनी अनेकदा निराशा केली. माझ्या मते फरकाचं मोठं कारण गॅस कोंडून राहण्याचं आहे. भेगांचं जाळं वरच्या-खालच्या थरांत किंवा शेजारच्या विहिरीत उघडत असेल, तर तुम्ही भरलेला गॅस मुरण्याआधी निघून जातो आणि दाब चढतच नाही. म्हणून एकटी विहीर निवडण्यापेक्षा शेजारच्या सगळ्या विहिरींत एकाच वेळी गॅस भरतात, म्हणजे पळायला कमी दाबाची जागाच उरत नाही.

अजून एक अट दाबाची. ठरावीक दाबाच्या वर गॅस आणि तेल एकजीव होतात, मध्ये सीमाच राहत नाही. तो दाब प्रत्येक तेलाचा आणि प्रत्येक गॅसचा वेगळा असतो आणि प्रयोगशाळेत मोजावा लागतो. त्याच्या खाली काम केलं तर फायदा होतो, पण बराच कमी.

८. गॅस कोणता वापरायचा? कार्बन डायऑक्साइड वापरला तर प्रदूषणही कमी होईल ना?

जो हाताशी आहे तो. बहुतेक ठिकाणी त्याच क्षेत्रातला नैसर्गिक वायू परवडतो. इथेनसारखे जड घटक त्यात जास्त असतील तर आणखी चांगलं, कारण तेलाशी ते कमी दाबाला एकजीव होतात. कार्बन डायऑक्साइडही तेलात उत्तम मुरतो. पण तो पकडायचा, कोरडा करायचा, दाबायचा आणि नळीने न्यायचा. पाणी राहिलं तर कार्बोनिक आम्ल तयार होऊन पोलादी नळ्या खातं. कॅनडातल्या वेबर्न क्षेत्रात २००० सालापासून अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या कोळसा-वायू कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड सुमारे ३२० किलोमीटर नळीने आणला जातो आणि तिथल्या आडव्या विहिरींचा त्यात मोठा वाटा आहे. वेबर्नचा चुनखडक मात्र प्रश्न १ मधल्या व्याख्येइतका घट्ट नाही, हे तुलना करताना लक्षात असू द्या.

९. पाणी स्वस्त आहे. पाणीच का सोडत नाहीत?

सोडतात, आणि खडक अनुकूल असेल तर पाण्यासारखं स्वस्त साधन नाही. अट अशी की खडकाला तेलापेक्षा पाणी जास्त आवडलं पाहिजे. मग टिपकागदासारखा तो पाणी शोषतो आणि बारीक छिद्रांतलं तेल बाहेर टाकतो. नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात खडूसारखा मऊ चुनखडक आहे. १९८७ साली तिथे मोठ्या प्रमाणावर पाणी सोडायला सुरुवात झाली आणि या शोषणामुळे अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त तेल मिळालं.

खडकाला तेल जास्त आवडत असेल, आणि चुनखडकात असं वारंवार घडतं, तर पाणी भेगेतून नुसतं फिरून येतं. अशा ठिकाणी पाण्यात थोडं सर्फॅक्टंट, म्हणजे साबणाच्या जातीचं रसायन, मिसळून खडकाची आवड बदलायचा प्रयत्न करतात. चिकणमाती असलेल्या खडकात गोडं पाणी सोडलं तर माती फुगून छिद्रंच बुजतात. त्यासाठी पाण्यात पोटॅशियम क्लोराइड घालतात. आणि खडक फारच घट्ट असेल, तर पुरेसं पाणी आत जातच नाही. तिथे गॅसच बरा.

१०. राजस्थानात पॉलिमरने उत्पादन वाढलं म्हणतात. मग घट्ट खडकात पॉलिमर का नाही?

मंगला क्षेत्राची वाळू मोकळी आहे, पार्यता डार्सींच्या घरात. तिथली अडचण अशी की तेलापेक्षा पाणी पातळ, म्हणून ते तेलाला वळसा घालून पुढे पळतं. पॉलिमरने पाणी दाट केलं की ते तेलाला सरळ रेषेत ढकलतं. घट्ट खडकाच्या छिद्रांचे गळे इतके अरुंद असतात की पॉलिमरचा लांबलचक रेणू त्यांत शिरत नाही, तोंडाशीच अडकतो.

११. हे सगळं आपल्या समुद्रात करता येईल का?

तत्त्वतः येईल. अडचण जागेची, दाबाची आणि पावसाळ्याची आहे.

जमिनीवर फ्रॅकिंगसाठी पंपांचे ट्रक, वाळूचे ढीग आणि पाण्याच्या टाक्या मैदानभर पसरता येतात. प्लॅटफॉर्मवर प्रत्येक चौरस मीटर आधीच कोणाचा तरी असतो. सगळं सामान न्हाव्याहून बोटीने आणि माणसं जुहूहून हेलिकॉप्टरने जातात. पंप, आम्ल आणि वाळू एकाच जहाजावर घेऊन ते जहाज प्लॅटफॉर्मला नळीने जोडावं लागतं, आणि जून ते सप्टेंबर समुद्र ते करू देईलच असं नाही. हफ-अँड-पफसाठी लागणारा दाब गॅस लिफ्टच्या (विहिरीतलं तेल गॅसने हलकं करून वर आणण्याच्या) दाबापेक्षा कितीतरी वर असतो, त्यामुळे प्लॅटफॉर्मवरचे जुने कॉम्प्रेसर पुरत नाहीत.

चुनखडकाची एक सोय मात्र आहे. त्याला हायड्रोक्लोरिक आम्ल खातं. दाबाने आम्ल सोडलं की भेगेच्या भिंती खडबडीत झिजतात आणि मिटल्यावरही मध्ये वाट राहते, वाळू न घालता. पण खोल, दाबाच्या थरांत या वाटा कालांतराने दबून बंद होतात.

मला आपल्यासाठी सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते डेन्मार्कच्या समुद्रातलं हाल्फदान क्षेत्र. तिथलाही खडक खडूसारखा चुनखडक, पार्यता एक-दोन मिलिडार्सीच्या आसपास. लांबलचक आडव्या विहिरी एकमेकींना समांतर खणल्या: एक तेलाची, एक पाण्याची, पुन्हा एक तेलाची. पाण्याच्या विहिरीतला दाब असा वाढवत नेला की खडक त्या विहिरीच्या लांबीलाच चिरत गेला. विहिरीऐवजी जणू पाण्याची एक लांब भिंतच दोन्ही बाजूंच्या तेलाला ढकलते. प्लॅटफॉर्म थोडे, विहिरी लांब, आणि खडकातल्या ताणाची दिशा आधी नीट समजून घेतलेली.

१२. जुनी विहीर पुन्हा फ्रॅक करावी, की शेजारी नवी खणावी?

जुन्या विहिरीत भेगा फार अंतरावर पाडलेल्या असतील, तर मधला खडक अस्पर्श असतो आणि पुन्हा फ्रॅक करण्यात अर्थ आहे. कठीण जातं ते जुनी भोकं बंद करणं. द्रव सोपी वाट धरतो आणि पुन्हा जुन्याच भेगांत शिरतो, म्हणून आत नवा लायनर, म्हणजे पोलादी नळीचं अस्तर, घालावा लागतो.

नवी विहीर शेजारी खणली तर वेगळाच धोका. जुन्या विहिरीभोवतीचा दाब उतरलेला असतो, म्हणून नवीच्या भेगा तिकडेच धावतात. नवीला तेल कमी मिळतं आणि जुनीत पाणी व वाळू घुसते. नव्या विहिरीच्या फ्रॅकआधी जुनीत पाणी किंवा गॅस भरून तिचा दाब चढवणं, हा त्यावरचा इलाज.

१३. याने भूकंप होतात का? समुद्राचा तळ खचतो का?

अमेरिकेत ओक्लाहोमातले मोठे धक्के, उदाहरणार्थ सप्टेंबर २०१६ मधला पॉनीजवळचा ५.८ तीव्रतेचा, मुख्यतः तेलाबरोबर येणारं खारं पाणी खोल थरांत वर्षानुवर्षं सोडल्यामुळे झाले. काही ठिकाणी खुद्द फ्रॅकिंगनेही जाणवतील असे धक्के बसले आहेत. जवळ ताणाखालची फॉल्ट (खडकातली सरकू शकणारी जुनी चीर) असेल तर धोका दोन्हींत आहे, म्हणून जागा आधी तपासायची आणि काम चालू असताना भूकंपमापक लावून ठेवायचे.

तळ खचण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण एकोफिस्कचंच (प्रश्न ९). १९८४ साली तिथला समुद्रतळ खचल्याचं लक्षात आलं आणि १९८७ साली प्लॅटफॉर्म सहा मीटर वर उचलावे लागले. मऊ खडूसारख्या खडकाचा हा दोष आहे. टणक खडकात एवढं घडत नाही.

१४. आमच्याकडची विहीर दोन महिने बंद होती. उघडल्यावर उत्पादन आधीपेक्षा जास्त आलं. म्हणजे नुसतं बंद ठेवूनही तेल वाढतं का?

उघडल्यावर जास्त येणारच. बंद काळात दूरच्या खडकातला दाब भेगेपर्यंत येऊन साचतो, आणि तो साचलेला दाब पहिल्या काही आठवड्यांत वाहून जातो. ते बहुधा तुमचंच, उशिरा आलेलं तेल.

खात्री करायची असेल तर तारखेनुसार आलेख काढू नका. आडव्या अक्षावर आजवर निघालेलं एकूण तेल घ्या, उभ्या अक्षावर रोजचं उत्पादन. उतरत जाणारी रेघ शून्याकडे वाढवा. ती आडव्या अक्षाला जिथे टेकेल ती तुमची शेवटची प्राप्ती. उपायानंतर रेघ उंच उडाली पण खाली येऊन जुन्याच जागी टेकत असेल, तर तेल लवकर आलं. उजवीकडे सरकून टेकत असेल, तर वाढलं.

यालाही अपवाद आहे. फ्रॅकिंगचं पाणी आत असताना विहीर बंद ठेवली आणि खडक पाणी शोषणारा असेल (प्रश्न ९), तर त्या काळात खरोखरच तेलाची आणि पाण्याची अदलाबदल होते आणि रेघ थोडी उजवीकडे सरकते. ती किती सरकली हे ठरवायला उघडल्यानंतरचे निदान सहा महिन्यांचे आकडे लागतात. दोन आठवड्यांच्या आकड्यांवर कोणी घाईने निष्कर्ष मागत असेल, तर देऊ नका.